डावीकडचा उजेड

बाळाच्या डोक्यावर आमच्या मराठवाड्यात जितके हात फिरतात, तितके त्याच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवावर फिरत नसतील. टाळूवर तेल जिरवणारी आजी, न्हाऊमाखू घालणारी बाई, बारशाच्या दिवशी कानात नाव सांगणारी आत्या, जावळ उतरवताना मांडीवर घेऊन बसणारा मामा, आणि केवळ विचारपुशीच्या निमित्ताने उंबरठा ओलांडून आत आलेली शेजारीण, या साऱ्यांचा त्या चिमुकल्या मस्तकावर काही ना काही हक्क पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीने कायम होऊन बसलेला असतो. आणि हात आशीर्वादासाठी पुढे झालेला असला, तरी माघारी येण्यापूर्वी बोटांच्या अग्रांनी तो एक चौकशी सहसा उरकून घेतो, की डोके गोल आहे ना, मागून बसलेले तर नाही, एका अंगाला कलते तर नाही. रंगरूपाविषयीची मते पुढेही बदलत राहतात. मस्तकाविषयीचा अभिप्राय मात्र पहिल्या सव्वा महिन्यातच नोंदला जातो, आणि तो ऐकून दुखावते ती नुकती बाळंत झालेली, झोपेला पारखी झालेली, आपल्या हातून काय उणे राहिले याचा रात्रंदिवस शोध घेणारी आई.

माझ्या मुलीच्या बाबतीत असेच घडले. तिचे पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, जिंतुरास झाले. परभणीहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवरचे हे तालुक्याचे ठिकाण. नेमगिरीच्या डोंगरातील जैन लेण्यांमुळे आणि पूर्णा नदीवरील येलदरी धरणामुळे दूरच्या लोकांना ऐकून ठाऊक असलेले. जुन्या वस्तीतले आमचे घर माळवदाचे आहे. भिंती दीड-दोन हात रुंद, दारे ठेंगणी, आणि प्रकाशाची तजवीज जेवढ्यास तेवढी. बाळंतिणीला वारा बाधू नये म्हणून सर्वांत आतली तीन खणांची खोली तिला दिली होती. त्या खोलीला पूर्वेच्या अंगाने एकच दार आणि त्याच्या शेजारी, भिंतीत वर, एक झरोका. बाळाचे अंथरूण पश्चिमेच्या भिंतीला लागून, डोके दक्षिणेकडे येईल असे घातले होते. अशा मांडणीत उजेड, दार, आईचे अंथरूण आणि माणसांची ये-जा ही सारी आकर्षणे बाळाच्या उजव्या हाताला आली, आणि डाव्या हाताला राहिली ती पांढऱ्या मातीने सारवलेली मुकी भिंत. नवजात अर्भकाला वीत-दीड वीत अंतरापलीकडचे स्पष्ट दिसत नाही. पण उजेड कोणत्या दिशेला आहे आणि आईचा आवाज कोठून येतो, एवढे त्याला पहिल्या दिवसांपासून उमगते. ते लेकरू दिवसाचे पंधरा-सोळा तास निजे, आणि निजताना, जागे होताना, दूध पिऊन सुस्तावल्यावर, प्रत्येक वेळी मान उजवीकडे टाकी. महिना उलटला तेव्हा त्याच्या डोक्याचा उजवीकडील मागचा भाग हाताला सपाट लागू लागला, आणि त्या जागेवरचे मऊ केस घासून विरळ झाले.

हे प्रथम बोलून दाखवले ते न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी. जिंतूरच्या दोन पिढ्यांतली लेकरे त्यांच्या पायांवर न्हायली आहेत. त्या म्हणाल्या, “बाई, लेकराचं डोस्कं येका अंगानं बसलंय बघा. मोहरीची उशी करा, अन् म्या रोज जरा दाबून देत जाते, येतंय गोल.” या बोलण्यात दूषण देण्याचा हेतू तिळमात्र नव्हता, त्यांच्या ज्ञानाप्रमाणे रोगही साधा होता आणि उपायही घरातला होता. पण मुलीचे डोळे भरून आले, आणि त्या रात्री ती बाळाच्या उशाशी बसून त्याची मान डावीकडे वळवीत राहिली, व बाळ झोपेतच ती पुन्हा उजवीकडे नेत राहिले.

मोहरीची उशी ही काही क्षुद्र कल्पना नव्हे. सुती कापडाची हातभराहूनही लहान पिशवी घेऊन ती निम्मी-शिम्मी मोहरीने भरावी, म्हणजे दाणे डोक्याच्या भाराखाली सरकत जाऊन मध्ये आपोआप खळगा पडतो आणि भार एका बिंदूवर न राहता पसरतो. ज्या कोणा स्त्रीने ही युक्ती प्रथम शोधली, तिला भार आणि क्षेत्र यांचा संबंध पुस्तकाविना कळला होता, असेच म्हटले पाहिजे. आपल्याकडे लेकरू परंपरेने उताणेच निजवले जाते, म्हणून बसलेले डोके ही आपल्या आज्यांची जुनी ओळख होती, आणि उशी हे त्या ओळखीतून निघालेले उत्तर होते. मस्तकाचे जतन तर त्याहूनही पुरातन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजाताच्या टाळूवर तेलात भिजवलेला कापसाचा पिचू ठेवण्यास सांगितले आहे. आज आमच्या घरी वाटीत तेल कोमट करून टाळू भरतात, तो विधी त्याच कुळातला. आणि मस्तकाला मनाजोगा आकार देण्याचा मोह म्हणाल, तर तो एकट्या आपल्या देशाचा नव्हे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि स्थळे यांवरील ग्रंथात लांब डोक्यांच्या एका जमातीचा उल्लेख येतो, जिच्यात अर्भकाचे मऊ मस्तक हातांनी आणि पट्ट्यांनी आवळून लांबवीत. फ्रान्सच्या तुलूज परिसरात तर बाळाचे डोके फडक्याने करकचून बांधण्याची चाल एकोणिसाव्या शतकातही चालू होती. मनुष्यजातीने अर्भकाच्या कवटीकडे मातीच्या गोळ्यासारखे पाहिले, आणि आपला हात तिच्यावर चालतो या जाणिवेत एक प्रकारचे समाधान मानले. मुलींच्या बाबतीत हे समाधान अधिक कठोर होत असे. नाक ओढून सरळ करणे, कपाळ दाबून घडवणे, या साऱ्यांमागे वीस वर्षांनंतरच्या वरपक्षाची नजर आधीच येऊन उभी राहिलेली असे. ही गोष्ट मला लहानपणापासून खुपत आली आहे, आणि आजही खुपते.

दीड महिन्याच्या लशीसाठी बाळाला नेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते आईच्या मांडीवर बसवून, आपल्या दोन्ही तर्जनी त्याच्या दोन्ही कानांशी टेकवून, वरून त्याच्या डोक्याकडे पाहिले. उजवा कान डाव्याहून किंचित पुढे सरकलेला होता, आणि उजव्या बाजूचे कपाळही तसेच थोडे पुढे आलेले. म्हणजे चौकोनाला एका कोपऱ्यातून ढकलले असता तो जसा तिरपा होतो, तसा त्या मस्तकाचा आकार झाला होता. मग त्यांनी कवटीच्या शिवणींवरून बोट फिरवले, कोठे हाडाचा उंचवटा लागतो का ते पाहिले, टाळू मोकळी आहे याची खात्री करून घेतली, डोक्याचा घेर मोजून नोंदला, आणि हनुवटी आधी उजव्या व मग डाव्या खांद्याकडे नेऊन पाहिली. उजवीकडे ती सहज गेली. डावीकडे अर्ध्या वाटेवर अडली. कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जो स्नायू असतो, तो एका बाजूला थोडा आखडलेला होता. कवटीच्या शिवणी वेळेआधीच सांधल्या गेल्या तरी डोके वाकडे होते, आणि तो विकार वेगळा. त्याला शल्यचिकित्सा लागते. तेव्हा मस्तकाचा आकार तिरपा नसून समलंबासारखा होतो आणि कान पुढे जाण्याऐवजी मागे ओढला जातो. आमच्या बाळाचे तसे नव्हते. हे निव्वळ निजण्याच्या सवयीतून आलेले सपाटपण होते. पहिलटकरणीच्या बाळांत, मुलग्यांत, जुळ्यांत आणि दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्यांत ते जास्त आढळते, आणि बहुधा उजव्या बाजूलाच, कारण गर्भातील अखेरच्या आठवड्यांतील ठेवणच बहुतेक अर्भकांना त्या बाजूचा कल देऊन बाहेर पाठवते. मेंदूच्या वाढीला त्याने धक्का पोचत नाही, हे त्यांनी मुलीला दोनदा सांगितले, आणि दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा ते तिला ऐकू गेले.

पुढे त्यांनी जे समजावले त्याने माझ्या मनातील एक जुनी कल्पना मुळापासून बदलली, म्हणून ते विस्ताराने लिहितो. जन्मतः कवटी एकसंध नसते. ललाटाचे दोन भाग, माथ्याच्या दोन बाजूंचे दोन, मागील एक आणि कानशिलांचे दोन, अशी ती पातळ अस्थिफलके एकमेकांशी शिवणींनी जोडलेली असतात, आणि जेथे दोनांहून अधिक शिवणी भेटतात तेथे टाळू. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत बुजते. पुढची वर्ष-दीड वर्षापर्यंत उघडी राहते. आत मेंदू वाढत असतो, तो आतून बाहेर रेटतो, आणि त्या रेट्याला अनुसरून शिवणींच्या कडांशी नवे हाड तयार होत जाते. जन्मावेळी साधारण ३४-३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिले तीन महिने दरमहा सुमारे दोन सेंटिमीटरांनी, पुढचे तीन महिने सुमारे एकाने, आणि त्यानंतर वर्ष पुरे होईपर्यंत सुमारे अर्ध्याने वाढतो. वर्षाच्या बाळाचा घेर ४६ सेंटिमीटरांच्या आसपास असतो. म्हणजे डोक्याला आकार देणारी शक्ती बाहेरच्या हातात नसून आतल्या वाढीत आहे. अंथरूण जेथे टेकते तेथे वाढीला अटकाव होतो आणि ती मोकळ्या दिशेने निघून जाते. ज्या बाजूला उंचवटा आहे ती दाबून काही साधत नाही. जी बाजू बसली आहे तिच्यावरचा भार काढून घ्यावा, म्हणजे वाढ आपल्या पावलांनी तेथे येते. रोज घटकाभर चोळणाऱ्या हाताचे बळ ते किती, आणि पंधरा-सोळा तास स्वतःच्या डोक्याच्या वजनाचे बळ ते किती, याचा हिशेब कोणालाही मांडता येण्याजोगा आहे. वाढीचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत मोठा असल्यामुळे ही संधीही त्याच महिन्यांत सर्वांत मोठी असते.

नेमगिरीच्या लेण्यात पार्श्वनाथाची एक भव्य पाषाणमूर्ती आहे, जिला लोक अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. तिचा अवाढव्य भार खाली एका लहानशा दगडावर तोललेला आहे. शतके लोटली, आणि त्या भाराने पाषाणाची ठेवण बदलली नाही. लहानपणी मी तेथे वाकून, तो दगड पाहून थक्क होत असे. अर्भकाच्या अस्थीला असे निश्चल राहण्याची मुभा नाही. ती जिवंत आहे, आणि जिवंत असल्यामुळेच ती जशी महिन्याभरात बसते तशी पुढच्या महिन्यांत उठतेही.

उपाय मग औषधाचा राहिला नाही, घराच्या मांडणीचा झाला. बाळाची मान जबरीने वळवायची नव्हती. ज्यांमुळे ते मान वळवते त्या साऱ्या गोष्टी डाव्या बाजूला न्यायच्या होत्या. सर्वांत सरळ तोड म्हणजे अंथरुणाचे उसे-पायथे पालटणे. पण तसे केले असता बाळाचे डोके उत्तरेला येत होते, आणि उत्तरेला डोके करून निजवणे माझ्या पत्नीला मंजूर नव्हते. मी याविषयी तिच्याशी वाद घातला नाही. ज्या घरात नव्वद वर्षे कोणी उत्तरेला डोके करून निजलेले नाही, त्या घरात एका अर्भकापासून त्याची सुरुवात करावी असे मलाही वाटेना, आणि ज्या स्त्रीच्या हातून बाळाचे सारे संगोपन व्हायचे तिच्या मनात पहिल्याच दिवशी किंतु पेरून कोणताही उपाय तडीस जात नाही. तेव्हा बाळाचे अंथरूण आम्ही पश्चिमेच्या भिंतीपासून उचलून पूर्वेच्या भिंतीला, झरोक्याखाली आणले. डोके दक्षिणेकडेच राहिले, आणि आईचे अंथरूण, वावरणारी माणसे ही सारी बाळाच्या डाव्या हाताला आली. कारण दारातून येणारा प्रत्येक जण आता आत येऊन, वळून, मग त्याच्याशी बोलू लागला. झरोक्यातून सकाळी जे ऊन येते त्याचा कवडसा समोरच्या पश्चिमेच्या भिंतीवर पडतो. जी भिंत महिनाभर मुकी होती तिच्यावर आता रोज सकाळी उजेडाचा एक तुकडा उतरे, आणि सूर्य वर येईल तसतसा हळूहळू खाली सरके. बाळ डावीकडे मान करून त्याकडे पाहत राही. या एका गोष्टीने जेवढे काम केले, तेवढे आमच्या साऱ्या खुळखुळ्यांनी मिळून केले नसेल.

बाकीच्या गोष्टी लहान होत्या, पण त्या घरातील प्रत्येकाच्या सवयीत शिरल्या. माणूस बहुधा लेकरू डाव्या हातावर घेतो. आणि डाव्या हातावर घेतलेले लेकरू आपल्या तोंडाकडे पाहण्यासाठी उजवीकडेच वळते, हे मला या वयापर्यंत कधी सुचले नव्हते. आता ते उजव्या हातावर घ्यायचे ठरले. अवघडलेपणाने घेतले, तरी घेतले. पाळण्यावरची चिमणाळी मधून काढून डाव्या कडेला बांधली. बाळ झोपी गेल्यावर त्याची हनुवटी हलकेच डावीकडे आणून ठेवायची. त्याने ती परत नेली तर पुन्हा आणायची, आणि तिसऱ्यांदा त्याची झोप मोडायची नाही. मानेचा जो व्यायाम शिकवला होता, तो लंगोट बदलताना प्रत्येक वेळी, एका हाताने खांदा स्थिर धरून, दुसऱ्याने मान सावकाश वळवून. आणि जागेपणी, कोणीतरी समोर बसलेले असताना, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे घालणे. हे शेवटचे महत्त्वाचे; कारण पालथ्या बाळाच्या मस्तकावर भार नसतो, आणि मान उचलण्याच्या खटपटीत त्याच्या मानेचे व पाठीचे स्नायू बळावतात. सुरुवातीस हा वेळ एक-दोन मिनिटांचा असतो, आणि बाळ रडते. ते रडणे ऐकून घेण्यासाठी आजीपेक्षा आजोबांना बसवावे, हा आमच्या घरातला अनुभव.

मावशींशी मसलत करणे मात्र मला अधिक नाजूक वाटले. ज्या बाईने उभी हयात या कामात घातली तिला, तुमचे हात आता नकोत, असे सांगणे म्हणजे तिच्या जन्माच्या विद्येवर रेघ ओढणे होते. मुलीनेच तोड काढली. लेकराला न्हाऊ घालताना मावशी पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडतात, आणि बाळाला नडग्यांवर पालथे घालून त्याची पाठ चोळतात. पोट, छाती यांचे मर्दन नंतर. मुलगी त्यांना म्हणाली, “मावशी, डोकं दाबू नका, पण तुमच्या पायांवर त्याला जरा जास्त वेळ पालथं ठेवा. डॉक्टरीणबाईंनी हेच करायला सांगितलंय.” मावशींचा चेहरा उजळला. “एवढंच व्हय? हे तर आमच्या मायनं शिकवलेलं हाय,” असे म्हणून त्यांनी त्या दिवसापासून पाठीचे मर्दन दुप्पट केले, आणि बाळही त्यांच्या त्या उबदार नडग्यांवर, तेलाच्या वासात, इतरत्र न दाखवलेल्या सोशिकतेने मान उचलून इकडेतिकडे पाहू लागले. पाश्चात्त्य बालवैद्यक ज्या पालथ्या वेळेचा आज आग्रह धरते, ती आमच्या न्हाणीत पूर्वापार चालत आलेली होती. परंपरा समूळ स्वीकारावी किंवा समूळ टाकावी, असे मला कधीच वाटले नाही. तिच्यातले एकेक काम हातात घेऊन ते काय करते हे पाहावे, हेच बरे. मावशींच्या नडग्या राखण्याजोग्या आहेत. कवटी दाबणारा अंगठा आणि मोहरीची उशी सोडून देण्याजोगी.

उशीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण जिंतुरात अजून ती घरोघर शिवली जाते. ज्या बाळाला मान उचलता येत नाही त्याच्या डोक्याखाली किंवा आसपास कोणतीही मऊ वस्तू असणे धोक्याचे आहे. हनुवटी छातीला टेकून किंवा तोंड कापडात रुतून श्वास कोंडू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली डोक्याला आकार देणाऱ्या उश्या वापरू नयेत असा जाहीर इशारा दिला. त्या देशाचा अनुभव आपल्या उलट दिशेने गेलेला आहे. तेथे डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे १९४६ साली निघालेले बालसंगोपनाचे पुस्तक घरोघर वाचले गेले, आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी बाळाला पालथे निजवण्याची शिफारस केली. निरोगी बाळे झोपेत अकस्मात दगावण्याचा संबंध या पालथ्या झोपेशी आहे, हे ध्यानात आल्यावर तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली उताणे किंवा कुशीवर निजवण्याचा सल्ला दिला, आणि १९९४ पासून उताण्या झोपेची मोठी मोहीम चालवली. पुढील काही वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याबरोबरच बसलेली डोकी वाढली. कॅनडातील कॅलगरी येथे सात ते बारा आठवड्यांची ४४० बाळे तपासली असता त्यांतील शेकडा ४६ हून अधिक बाळांत थोडेफार सपाटपण आढळले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू टळला आणि डोके थोडे बसले, तर या दोहोंत काय निवडावे याविषयी कोणत्याही आईला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. म्हणून सपाटपणाच्या भयाने बाळाला पालथे निजवणे, ही या साऱ्या प्रकरणातील एकमेव अक्षम्य गोष्ट ठरेल. निजणे उताणे, टणक आणि सपाट अंथरुणावर. पालथे फक्त जागेपणी आणि नजरेसमोर.

न्यू जर्सीत असलेल्या माझ्या पुतण्याच्या मुलालाही हाच विकार झाला होता, आणि पुतण्याला व सूनबाईला शिरस्त्राणाची, म्हणजे बाळाच्या डोक्यावर दिवसाचे बहुतेक तास बसवून ठेवायच्या साच्याची, माहिती कोणी दिली होती. त्याची किंमत ऐकून येथे आम्ही स्तब्ध झालो. फोनवर सूनबाई विचारत होती, “काका, तिकडे तुम्ही काय केलंत?” आणि मी तिला झरोक्याची हकीकत सांगत होतो. नेदरलँड्समध्ये पाच-सहा महिन्यांच्या ८४ बाळांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना शिरस्त्राण दिले, निम्म्यांना काहीच नाही, आणि दोन वर्षांचे वय झाल्यावर दोन्ही गटांतील सुमारे एक चतुर्थांश मुले पूर्ण बरी झालेली आढळली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने पुष्कळ डॉक्टरांचे मत पालटले. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनेने २०१६ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांतही बाळाची ठेवण बदलत राहणे उपयोगी मानले आहे, आणि व्यायामोपचार त्याहून सरस. विकार तीव्र असून या उपायांना दाद देत नसेल, तेथे मात्र शिरस्त्राणाला जागा ठेवली आहे. सूनबाईने पाळणा खिडकीच्या दुसऱ्या अंगाला नेला. एवढ्या दूरच्या घरातही मांडणी बदलली, याचे मला फार समाधान वाटले.

आमच्या बाळाची मान तिसऱ्या महिन्याअखेर दोन्ही खांद्यांकडे सारखी वळू लागली. डोके सावरून ते बसू लागले तसा मस्तकावरचा भारच संपला, आणि पुढचे काम वाढीने केले. वर्षाचे झाल्यावर मामाच्या मांडीवर जावळ निघाले, तेव्हा केसांचा आडोसा गेलेल्या त्या डोक्यावर उजव्या अंगाला अगदी थोडा उतार होता. शोधणाऱ्यालाच सापडेल इतका. मुलीने तो पाहिला आणि त्यावरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती.

परंतु हे सारे लिहिताना माझे मन एका वेगळ्याच जागी सारखे जात राहिले आहे. आमच्या घरात अंथरूण उचलून दुसऱ्या भिंतीला नेणारे हात होते, पालथ्या बाळासमोर बसायला सवड असलेला पेन्शनर आजोबा होता. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला जी कुटुंबे निघतात, त्यांच्यात नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, मुकादमाची उचल दोघांच्या नावावर असते, आणि बाई बाळंत होऊन महिना-दोन महिने झाले म्हणून तो कोयता अर्धा होत नाही. पहाटे ती फडात जाते. बाळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या खोपटात, किंवा बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत राहते, आणि त्याची राखण सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे असते. झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीकडे येते, म्हणून ती लांब झोपेसाठी बरी नव्हे, हे खरे. पण सापा-किरड्यांपासून आणि उसाच्या पाचटापासून वर टांगलेली तीच एक जागा त्या आईपाशी आहे, हेही तितकेच खरे. तिला पालथ्या वेळेचा उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही काही करता येण्याजोगे आहे, आणि त्याची व्यवस्था आपल्याच राज्यात उभी राहिलेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात नवजातमृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ नी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले; त्याच कल्पनेवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झाला. आशाताई बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, दूध नीट ओढते का ते पाहतात. बेचाळिसाव्या दिवशीच्या भेटीत त्यांनी बाळाची हनुवटी दोन्ही खांद्यांकडे नेऊन पाहावी आणि डोक्याकडे एकदा वरून पाहावे. याला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि मान आखडलेली असेल तर ते स्थलांतरापूर्वी कळते.

आमच्या गल्लीतून यंदा एक कुटुंब कारखान्यावर गेले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या थोरल्या मुलीला, जी बाळाला राखणार होती, एवढेच सांगितले की कोपीत बाळाला सपाट जमिनीवर गोधडीची घडी घालून निजवायचे. आज दाराचा उजेड त्याच्या एका हाताला, तर उद्या उसे पालटून दुसऱ्या हाताला. आणि ते जागे असले, तू समोर बसलेली असलीस, की थोडा वेळ त्याला पालथे घालून त्याच्याशी बोलायचे. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, “अन् बाबा, रातच्याला?” मी म्हणालो, रात्रीही उताणेच, आईच्या शेजारी पण वेगळ्या घडीवर, तोंडावर पांघरूण येणार नाही असे, आणि उसे मात्र दिवसाप्रमाणेच पालटलेले.